आधी वार, मग गाव: गाडीने कोकणातले आठवडी बाजार फिरताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलुंडहून चौघांचं कुटुंब, त्यात दोन शाळकरी मुलं, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पाच-सहा दिवस स्वतःच्या गाडीने सिंधुदुर्गात जाणार, शेवटी गोव्याला टेकून परत येणार. शुक्रवारी रात्री निघायचा बेत आहे. वाटेत शेतकऱ्यांचे खरे स्थानिक बाजार बघायचे आहेत. सगळ्यात चांगला बाजार कोणता, आणि आंबे-मासे घरी आणताना फसगत कशी टाळायची?

सगळ्यात चांगला बाजार कोणता, याला उत्तर नाही, कारण आठवडी बाजार म्हणजे जागा नव्हे, वार आहे. कुडाळला गुरुवारी गेलात तर कुठल्याही तालुक्याच्या गावासारखी दुकानं दिसतील, आदल्या दिवशी इथे पाय ठेवायला जागा नव्हती यावर विश्वास बसणार नाही. तेव्हा ठरवायचं ते दोनच गोष्टींचं. कुठल्या वारी कुठे असायचं, आणि तिथे घेतलेलं काय मेच्या उन्हातून दहा-बारा तास गाडीत तग धरेल. कोकणातला माल मुंबईच्या दुकानांपर्यंत आणणाऱ्यांचं सगळं गणित याच दोन गोष्टींवर चालतं, आणि चौघांच्या कुटुंबालाही ते तसंच्या तसं लागू पडतं.

वारांपासून सुरुवात करू. कणकवली आणि सावंतवाडी, दोन्हीकडे बाजार मंगळवारी. कुडाळचा बुधवारी. गोव्यातल्या म्हापशाचा शुक्रवारी. शुक्रवारी रात्री निघालात तर शनिवार, रविवार, सोमवार किनाऱ्यावर जातील, मंगळवार-बुधवारचे बाजार मिळतील आणि म्हापसा हमखास हुकेल, कारण पुढच्या शुक्रवारी तुम्ही मुलुंडला कामावर असाल. त्यापेक्षा सोमवारी पहाटे चारला निघा. कणकवली साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, चहा-जेवण धरून संध्याकाळपर्यंत पोहोचता. मंगळवारी कणकवली किंवा सावंतवाडी, बुधवारी कुडाळ, गुरुवार मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याला, शुक्रवारी सकाळी म्हापसा, शनिवारी परत. शनिवार-रविवारची पर्यटकांची गर्दी टळते, हा वरचा फायदा.

मंगळवारी कणकवली आणि सावंतवाडी दोन्ही उरकावेत असं वाटेल, अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटरच तर आहे. करू नका. कणकवलीतून दहाला निघून सावंतवाडीत गाडी लावेपर्यंत साडेअकरा होतात आणि तोवर तुम्हाला हवा असलेला बाजार उठलेला असतो. मला विचाराल तर मुलं बरोबर असताना सावंतवाडी घ्या. मोती तलावाचा काठ आहे, चितार आळीत लाकडी फळं आणि खेळणी आहेत, बाजारात कंटाळलेल्या मुलांना न्यायला जागा आहे. आणि जिथे मुक्काम करणार त्या घरी आदल्या दिवशी फोन करून वार पक्का करून घ्या. सण, जत्रा, निवडणूक, पालिकेने जागा हलवणं, यातल्या कशानेही बाजार इकडचा तिकडे होतो.

आता ‘शेतकऱ्यांचा बाजार’ या शब्दाबद्दल. कोकणातल्या आठवडी बाजारात एकाच मैदानावर दोन बाजार भरतात, आणि नवखा माणूस बहुतेक वेळा चुकीच्या बाजारात फिरतो. मधल्या रांगांमध्ये ताडपत्रीखाली टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, कांदे-बटाटे यांचे सारख्या आकाराचे ढीग दिसतात. क्रेट असतात, इलेक्ट्रॉनिक काटा असतो, विकणारा ओरडत असतो. हा माल घाटावरचा. कोल्हापूर, बेळगाव भागातून फोंडा, गगनबावडा किंवा आंबोलीच्या घाटाने टेम्पो रात्री उतरतात. त्यात फसवणूक काही नाही, गावातली माणसंही आठवड्याची भाजी तिथूनच घेतात. फक्त ती भाजी तुम्हाला मुलुंडच्या मार्केटमध्येही मिळते.

दुसरा बाजार कडेला असतो. एसटी स्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर, दुकानांच्या पायऱ्यांवर, गटाराच्या कठड्यालगत गोणपाट किंवा केळीचं पान पसरून बायका बसलेल्या असतात. प्रत्येकीपुढे तीन-चारच जिन्नस, तेही एकमेकांशी न जुळणारे: पाच नारळ, अळूच्या चार जुड्या, डालग्यात रायवळ आंबे, एका पिशवीत कुळीथ. एक गावठी कोंबडीही असेल. ही विसंगती हीच खूण. परसात जे आणि जेवढं निघालं तेवढंच इथे येतं. काटा बहुधा नसतो, वाटा, जुडी, डझन, शेकडा असा हिशेब असतो. या बायका पहिल्या एसटीने येतात आणि माल संपला की मिळेल त्या गाडीने परत जातात. म्हणून आठ ते दहा हीच तुमची वेळ. हॉटेलचा नाश्ता नऊला सुरू होणार असेल तर तो सोडा, बाजारातच उसळ-पाव खा.

‘गावठी आहे का?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर कायम ‘हो’ असतं. ‘ऑरगॅनिक’ही विचारू नका, त्याचंही तेच. उत्तरातून काही कळावं असं विचारायचं तर ‘कुठल्या गावचं?’, ‘कधी काढलंत?’ आणि ‘पुढल्या बाजारात असेल का?’ हे तीन प्रश्न विचारा. जिच्या घरचं आहे ती गावाचं नाव लगेच सांगते, काढल्याचा दिवस सांगते, आणि तिसऱ्या प्रश्नाला बऱ्याचदा ‘नाय, संपला आता’ असं सरळ म्हणते. विकत आणून विकणारा मात्र पुढल्या वेळीही देतो म्हणतो. त्याच्याकडे बारा महिने असतंच.

घासाघीस कुठे करायची हेही यावरून ठरतं. टेम्पोवाल्याशी खुशाल करा, दुपारनंतर तो स्वतःच भाव उतरवतो. कडेला बसलेल्या आजीकडे चाळीसच्या वाट्याला तीस म्हणण्यात अर्थ नाही. दोन वाटे घेऊन ‘आजी, वर काय घालतास?’ म्हटलंत तर मूठभर वाढवून मिळतं आणि दोघंही खूश. सकाळी पहिल्याच गिऱ्हाइकाने भाव विचारून, माल चाळवून निघून जाणं इथे फार वाईट दिसतं, कारण ती तिची भवानी असते. घ्यायचं नसेल तर लांबून बघा. आंबा अंगठ्याने दाबायचा नाही, वाटा विस्कटायचा नाही, आणि फोटो काढायचा तर आधी विचारायचं, शक्यतो काही विकत घेतल्यावर.

पैसे रोख आणि सुटे. क्यूआर कोड आता बऱ्याच जणांकडे असतो, पण तो बहुधा मधल्या रांगांत असतो आणि बाजाराच्या दिवशी गर्दीत नेटवर्क मान टाकतं. दहा, वीस, पन्नासच्या मिळून दीड-दोन हजारांच्या नोटा मुंबईतूनच न्या. सोबत चार-पाच कापडी पिशव्या, दोन प्लास्टिकचे क्रेट, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, सुतळी, एक झाकणाचा मोठा डबा आणि आंब्यांवर तारीख घालायला स्केचपेन.

घ्यायचं काय? मेच्या मध्यावर माझ्या यादीत पहिलं कोकम. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, एप्रिल-मेमध्ये पिकतात, त्यामुळे याच दिवसांत नवी आमसुलं बाजारात येतात. रातांब्याची साल त्याच्याच मिठाच्या रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, पुन्हा बुडवायची, अशी पाच-सहा पुटं दिली की आमसूल तयार होतं. घाईत दोनच पुटं दिलेलं आमसूल लालसर, ओलं आणि जड लागतं, पाण्याचे पैसे जातात आणि महिन्याभरात बुरशी धरते. मुठीत दाबा: मऊ हवं, पण हाताला रस लागता कामा नये. पांढरे मिठाचे खडे भरपूर दिसत असतील तर ते वजन आहे. अगदी काळं आणि ताठ असेल तर ते गेल्या वर्षीचं. ते वाईट नसतं, भिजायला वेळ जास्त घेतं इतकंच, पण भाव नव्याचा द्यायचा नाही. चौघांच्या घराला वर्षाला किलोभर पुरतं. आगळ, म्हणजे रातांब्याचा खारवलेला रस, घेताना लक्षात ठेवा, त्यात मीठ मुबलक असतं म्हणून ते फ्रीजबाहेर टिकतं. सोलकढीत आगळ घातल्यावर चव घेऊन मगच मीठ घालायचं. गोड लागणारी लाल बाटली ही आगळ नव्हे, सरबत आहे, दोन्ही शेजारी-शेजारी ठेवलेली असतात. कोकमाच्या बियांच्या तेलाचे घट्ट गोळे, म्हणजे मुठेल, दिसले तर एखादा घ्या. टाचांच्या भेगांना त्याच्यासारखं दुसरं नाही आणि प्रवासात त्याचं काही बिघडत नाही.

नारळ सोललेला न घेता असोला घ्या. करवंटीला तडा जात नाही आणि घरी आल्यावर कितीतरी जास्त दिवस टिकतो. जागा खातो हे खरं. कानाशी हलवून पाणी वाजतंय ना ते बघायचं. तिरफळं मेमध्ये मिळतात ती गेल्या पावसाळ्याअखेरची वाळवलेली असतात, तेव्हा वासावर घ्या: दोन फळं बोटांत चुरडल्यावर वास नाकात शिरला पाहिजे. वापरायची ती उकललेली साल, आतली काळी बी टाकून द्यायची. बांगड्याच्या तिखल्यासाठी शंभर ग्रॅम वर्षभर पुरतात. कुळीथ, नाचणी आणि लाल उकडा तांदूळ बिनधास्त घ्या, फक्त मूठभर हातावर घेऊन फुंकर मारा, पीठ उडालं तर आत कीड आहे.

ओले काजूगर मेच्या दुसऱ्या आठवड्यात संपत आलेले असतात. मिळाले तर सोललेलेच घ्या, शेकड्यावर मिळतात. न सोललेल्या बियांच्या टरफलातला चीक कातडी भाजतो, आणि त्यासाठी हाताला खोबरेल लावून, मुलांना लांब ठेवून बसण्याइतकी सुट्टी तुमच्याकडे नाही. पाण्याच्या पिशवीत दिलेले गर तसेच बारा तास ठेवले तर आंबतात. पाणी काढा, ओल्या फडक्यात गुंडाळा, बर्फाच्या पेटीत वरच्या बाजूला ठेवा. सुक्या काजूंवर डब्ल्यू-240, डब्ल्यू-320 असं लिहिलेलं दिसेल. एका पौंडात साधारण तेवढे काजू बसतात, म्हणजे आकडा लहान तितका काजू मोठा. आकार आणि चव यांचा संबंध नाही. घरी भाजीत घालायचे असतील तर पाकळी किंवा तुकडा घ्या, चव तीच आणि पैसे कमी.

आंबापोळी आणि फणसपोळी घरची असेल तर जाडी कमीजास्त असते, रंग तपकिरीकडे झुकतो, आणि दुमडली तरी मोडत नाही. काचेसारखी पारदर्शक, केशरी, एकसारखी कापलेली पोळी म्हणजे साखर आणि रंग. अख्खा पिका फणस बंद गाडीत घेण्याआधी घरच्यांचं मत विचारा. एसी गाडीत दुसऱ्या तासाला मतभेद सुरू होतात. त्यापेक्षा बाजारात काप्या फणसाचे गरे घेऊन तिथेच खा.

आता हापूस, कारण खरा पैसा आणि खरी फसगत इथेच. माझं मत स्पष्ट आहे: आठवडी बाजारात हापूस घेऊ नये. बागायतदाराचा निवडक माल आधीच पेट्यांतून मुंबई-पुण्याकडे गेलेला असतो, बाजारात येतो तो निवडीनंतर उरलेला, लहान किंवा डागी. बाजारात घ्यायचा तो रायवळ. चोखून खायला, सासवाला, रायत्याला त्याच्यासारखा आंबा नाही, आणि तो मुंबईत सहसा पोहोचतच नाही. दोन डझन घ्या आणि दोन दिवसांत तिथेच संपवा.

हापूस बागेतून घ्या. मुक्कामाच्या घरचे लोक शेजारच्या बागेत नेतात. हायवेलगतच्या शेडमध्ये ‘देवगड’ असा फलक आणि पेटीत मराठी वर्तमानपत्र असलं म्हणून आतला आंबा देवगडचा ठरत नाही. कर्नाटकातला हापूस याच रस्त्याने येतो. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या आंब्याला. देवगडच्या बागायतदारांच्या संस्थेने 2025 च्या हंगामापासून फळावर स्वतंत्र क्रमांकाचा स्टिकरही आणला आहे. पण तुम्ही बागेत उभे राहून झाडावरून उतरवलेला आंबा घेत असाल तर या सगळ्याची गरजच उरत नाही.

बागेत पाहायचं ते फळाचं तयार असणं. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, काढलेल्या फळाला बोटाच्या पेराएवढा देठ राहतो. देठ मुळापासून तुटला की चीक सालीवर ओघळतो, तिथे काळा डाग पडतो आणि पुढे तिथूनच फळ सडतं. तयार फळाचे खांदे देठाच्या वर आलेले असतात, देठापाशी खळगा पडतो. शंका असेल तर बादलीभर पाणी मागा. तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. तरंगणारा पिकला तरी आंबट-पाणचट लागतो, तो पन्ह्यासाठी बाजूला काढायचा. साका, म्हणजे गरात पडणारा पांढरट, न पिकलेला भाग, मात्र बाहेरून ओळखता येत नाही, ‘साका निघणार नाही’ अशी हमी देणारा खोटं बोलतो. मोठ्या फळात तो जास्त निघतो, म्हणून साडेतीनशे ग्रॅमच्या आंब्याच्या मागे न लागता दोनशे ते अडीचशे ग्रॅमचं फळ घ्या. स्वस्तही पडतं. या आकाराची पाच डझनांची पेटी साधारण तेरा-चौदा किलो भरते, गाडीतल्या जागेचा हिशेब त्यावरून करा.

पिकलेला आंबा घेऊन प्रवास करू नका. सगळा हिरवा, तयार माल घ्या आणि तोही शेवटच्या दिवशी, परतताना. भाताचा पेंढा मागून घ्या, बागेत फुकट मिळतो. घरी कॉटखाली किंवा हवेशीर कोपऱ्यात पेंढ्यावर एकच थर लावायचा, वर पुन्हा पेंढा. सहा ते आठ दिवसांत आढी पिकते, रोज एकदा चाचपून झालेला आंबा बाहेर काढायचा. कच्चा हापूस फ्रीजमध्ये कधीही ठेवू नये. बारा-तेरा अंशांच्या खालची थंडी त्याला बाधते, साल काळवंडते आणि तो पुढे पिकतच नाही. पिकल्यावर ठेवा. पेटीत आंब्यांबरोबर करड्या पावडरीच्या कागदी पुड्या निघाल्या तर ते कार्बाइड. फळं पिकवायला त्याच्या वापरावर बंदी आहे, तो माल परत करा. आणि पहिला वळीव पडून गेला असेल तर खरेदी निम्म्यावर आणा, कारण पावसानंतर हापूसमध्ये फळमाशीच्या अळ्या निघायला लागतात.

मासे. ताजे मासे मालवणात खा आणि मुंबईत आणू नका, असं मी सांगेन. भाऊचा धक्का आणि ससून डॉक ज्या शहरात आहेत तिथे पाचशे किलोमीटरवरून सुरमई न्यायचं कारण नाही. बंदरावरचा लिलाव जरूर बघा, पण तिथे बोली पाटीवर लागते, एकदोन मासे मिळत नाहीत. लिलाव झाला की बाजूला बसलेल्या मावशींकडून वाटा घ्यायचा. मुक्कामाच्या घरी शिजवून देतात का ते आधी विचारून ठेवा.

तरीही आणायचेच असतील तर थर्माकोलची जाड पेटी, माशाच्या वजनाइतकाच चुरलेला बर्फ, तळाला थर, मग मासा, मग थर. पोट आणि कल्ले काढून घ्या, तुकडे मात्र घरी आल्यावर करा. वितळलेलं पाणी तुंबू देऊ नका, तळाला लहान भोक पाडून पेटी एका ट्रेमध्ये ठेवा आणि अर्ध्या वाटेत बर्फ पुन्हा भरा. बांगडा, कुपा आणि सुरमई यांच्या बाबतीत ढिलाई नको. हे मासे उबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामाइन तयार होतं, तोंड लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर गांधी उठणं हे त्याचे परिणाम, आणि शिजवून किंवा तळून ते जात नाही. वास येत नाही म्हणून मासा चांगला, हा हिशेब इथे चालत नाही. तिसऱ्या (शिंपल्या) आणायच्या तर त्या बर्फाच्या पाण्यात न बुडवता ओल्या फडक्यात ठेवा, आणि शिजवण्याआधी उघडी राहिलेली, टकटक करूनही न मिटणारी प्रत्येक शिंपली फेका.

आणायचं ते सुकं. यांत्रिक बोटींची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, म्हणून मेमध्ये घरोघर आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, खरेदी चाललेली असते आणि बाजारात सुक्या माशांची रांग सगळ्यात लांब असते. सिंधुदुर्गात घ्यावेत सोडे (सोललेली सुकी कोळंबी), खारा बांगडा आणि सुका जवळा, ज्याला तिथे गोलमो म्हणतात. बोंबील तिथून आणू नका. तो मुळात उत्तरेकडचा मासा, तुमच्या उत्तन-वर्सोव्याच्या वलांडीवरच, म्हणजे मासे टांगायच्या बांबूंवरच, उत्तम वाळतो. मालवणातून बोंबील घेऊन मुलुंडला येणं म्हणजे उलटी गंगा.

सोडा मोडून बघा: कट्कन मोडला पाहिजे, आत ओल नको. भडक, सगळा एकाच छटेचा नारिंगी असेल तर रंग लावलेला आहे. जवळा मूठभर तळहातावर चोळून हलकेच फुंकर मारा, हातावर वाळू राहिली तर तो वाळूत वाळवलेला, जाळीवर किंवा चटईवर नव्हे, आणि कितीही धुतलात तरी दाताखाली कचकचणार. खाऱ्या बांगड्याचं पोट उघडून काट्यालगत बघा, तिथे पिवळट तेलकटपणा किंवा खवट वास आला तर सोडून द्या. सोडे महाग असतात, पाव-अर्धा किलो पुरतात. पॅकिंगमध्ये आधी कागद, मग प्लास्टिक, मग तो झाकणाचा डबा. नुसत्या पिशवीवर विसंबलात तर गाडीला महिनाभर आठवण राहील.

म्हापशाला शुक्रवारी साडेआठला पोहोचा, गाडी बाजारापासून लांब लावा आणि चालत जा. तिथे मेमध्ये पावसाळ्याच्या बेगमीची, म्हणजे पुरुमेंताची, धामधूम असते. हरमल आणि खोला भागातली सुकी मिरची, चिंचेचे गोळे, माडाच्या गुळाच्या काळपट ढेपा, मानकुराद आंबा. मानकुराद दिसायला डागाळलेला असतो, त्याला हापूसच्या नजरेने जोखू नका, तोही तिथेच खाऊन संपवा. माडीचं व्हिनेगर सीलबंद नसेल तर बाटली उभीच ठेवायची आणि झाकण किंचित सैल, नाहीतर उन्हात फुगते. फेणीचा मोह झाला तर परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणता येत नाही हे ध्यानात ठेवा. बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्कचा तपासणी नाका आहे आणि मुंबई पासिंगच्या गाडीची डिकी तिथे उघडली जाऊ शकते. ती उघडली की सामानाची सगळी रचना पुन्हा करावी लागते.

रचनेबद्दल. जड आणि न बिघडणारं तळाला: नारळ, तांदूळ, आगळाच्या बाटल्या. सुक्या माशांचा डबा डिकीच्या मागच्या कोपऱ्यात. आंबे मात्र डिकीत नकोत. उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टीसारखी तापते, आंबा अर्धवट उकडतो आणि आतून बिघडतो, बाहेरून काही दिसत नाही. पेट्या मागच्या सीटच्या पायाशी किंवा मुलांच्या मधे ठेवा, एसीची हवा लागू द्या, पेटीवर पेटी ठेवायची तर मधे पट्टी घालून हवा खेळती ठेवा. जेवणाला थांबाल तिथे सावली शोधा आणि काचा बोटभर उघड्या ठेवा. शनिवारी पहाटे पाचला निघालात तर उन्हाचे चार तास वाचतात, त्याहून चांगला उपाय नाही.

बेत पुढे ढकलून जून-जुलैत जाणार असाल तर वरची अर्धी यादी बाद. तेव्हा बाजाराच्या कडेला टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कंटोळी येतात आणि त्या रांगेसाठीच जावं. रानभाजी घेताना ती कशी शिजवायची हे विकणारीलाच विचारा, काही भाज्या आंबट घातल्याशिवाय घशाला खाजतात. रानातली अळंबी मात्र ओळख असल्याशिवाय घेऊ नका.

घरी पोहोचायला रात्र होईल, तरी झोपण्याआधी तीन कामं करा. आंब्याच्या पेट्या उघडून एकेक फळ बाहेर काढा, दबलेले वेगळे करा. काजूगर फ्रीजरमध्ये टाका. पालेभाजीच्या जुड्यांची सुतळी सोडा, नाहीतर सकाळी मधली पानं पिवळी मिळतील. आमसुलं दुसऱ्या दिवशी काचेच्या बरणीत भरा, स्टीलच्या डब्यात नकोत. सुक्या माशांना बरणीत भरण्याआधी एक कडक ऊन द्यावं लागतं, आणि ते मुलुंडच्या इमारतीत गॅलरीत की गच्चीवर, हे शेजाऱ्यांशी असलेल्या संबंधांवर ठरवा. गच्चीवर घातलेत तर वर मच्छरदाणी टाका आणि कोणालातरी राखणीला बसवा. कावळ्यांना सोड्यांचा भाव माहीत नसला तरी चव माहीत आहे.